सहा मशिनींची मालकीण

बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत मोहिनीबाईंचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. कुणाला शाळेसाठी अर्ज हवा असो, कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर, लोक कागद घेऊन त्यांच्याकडेच यायचे. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांनी लिहिलेला अर्ज कधी परत येत नाही, असं म्हणायचे. त्यामुळे रोहणा गावच्या नणंदबाई, आनंदाबाई, रविवारी संध्याकाळी आपल्या मुलीला, अपेक्षाला, घेऊन आल्या आणि तुरीच्या शेंगांच्या पिशवीतून त्यांनी एक कोरा कागद काढला, तेव्हा मोहिनीबाईंनी सवयीने चष्मा शोधला.

"लिवा वहिनी, अपेक्षाचा राजीनामा," आनंदाबाई म्हणाल्या. "आकांक्षाचा तुमीच लिवला होता. पाहा, कशी राज्य करून राह्यली पोरगी."

मोहिनीबाईंनी चष्मा लावलाच नाही. त्या शेंगा सोलायला बसल्या.

अपेक्षा वर्ध्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करायची. अमेरिकेतल्या मुलाशी तिचं जमलं होतं, आणि लग्न फेब्रुवारीत होतं. ते जमलं कशावरून, हे मोहिनीबाईंना पक्कं ठाऊक होतं. सहा मशिनींवरून.

चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी आकांक्षा लग्न करून अमेरिकेला गेली, तेव्हा ती इथल्या ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवत होती. नोकरी सोडायला तिचं मन होत नव्हतं. मोहिनीबाईच म्हणाल्या होत्या, "तिथं काय नोकरी करायची, राणीसारखी राहशील." मुलीने सही तेवढी केली. राजीनामा आईने लिहिला होता, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

मग रविवारचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. आकांक्षा दर वेळी एकाच जागी बसलेली दिसायची, आणि तिच्यामागे गोल काचेच्या दारांच्या पांढऱ्या मशिनी. मोहिनीबाईंनी मोजल्या. सहा. एका घरात सहा मशिनी कशाला हव्यात, याचाही उलगडा त्यांनी मनाशी करून टाकला: एक रोजच्या कपड्यांची, एक भांड्यांची, एक वाळवायची, एक तर नुसती गोधड्यांची. महिला मंडळात त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं की बायका आकांक्षाला 'मशीनवाली' म्हणू लागल्या. कुणी घरी आलं की त्या फोन पुढे करायच्या, "जरा बाजूला हो गं, आत्याला मशिनी दिसू दे." आकांक्षा बाजूला व्हायची.

गेल्या वर्षी त्या तिच्या बाळंतपणाला गेल्या. तिसऱ्या दिवशी आकांक्षा कपड्यांची मोठी थैली घेऊन लिफ्टने तळघरात उतरली, त्याही मागोमाग गेल्या. तिथे त्या सहा मशिनी होत्या. अख्ख्या इमारतीच्या. कपडे वेळेवर काढले नाहीत तर दुसरा कुणी काढून टेबलावर टाकतो, म्हणून तिथेच बसून राहायचं. नवव्या महिन्यातली आकांक्षा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ये आई. ही आमची बैठक."

बाकी दिवस चार भिंतींत जायचा. तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. जावई चांगला, पण सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. शेजारी कोण राहतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सहा महिने मायलेकी एका घरात राहिल्या, पण त्या राजीनाम्याचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही.

आणि परत आल्यावर आनंदाबाईंनी विचारलं होतं, "पाह्यल्या का वहिनी मशिनी? साऱ्या सहा?"

"हो," मोहिनीबाई म्हणाल्या होत्या. "सहा आहेत."

आधी सांगितलं ती चूक होती. हे खोटं होतं. त्याच महिन्यात आनंदाबाईंनी अपेक्षासाठी मध्यस्थाला होकार कळवला.

"मामी, तुम्ही लिहीत का नाही?" अपेक्षाने विचारलं.

"लिवतात ना," आनंदाबाई म्हणाल्या. "चांगल्या कामाले हात लावताना जरा देवाचं नाव घेऊन राह्यल्या."

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे रविवारची सकाळ होती. मोहिनीबाईंनी फोन शेंगांच्या ताटापलीकडे फोडणीच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आकांक्षा, कॅमेरा फिरव. सगळी खोली दाखव."

"आई, आत्या आहेत ना तिथं?"

"म्हणूनच सांगते."

मग चित्र हललं. मशिनी, वरून गेलेले पाइप, भिंतीवरची नियमांची पाटी, टेबलावर कुणाच्या तरी ओल्या कपड्यांचा ढीग. एक उंच, दाढीवाला माणूस आत आला, एका मशीनचं दार उघडून कपडे टोपलीत भरू लागला.

"हा कोण?" आनंदाबाई पुढे वाकल्या. "गडी ठेवला का व?"

"शेजारी असेल आत्या. मशीन त्याचीही आहे. सगळ्यांची आहे. आमच्या घरात एकही नाही."

आनंदाबाईंनी मोहिनीबाईंकडे पाहिलं. "वहिनी, तुमी तं सहा महिने राहून आल्या. आल्याबरोबर काऊन नाई सांगितलं?"

मोहिनीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. लाज वाटली, एवढंच उत्तर होतं. पण स्वतःच्या लाजेपायी दुसऱ्याच्या मुलीला त्याच वाटेला लावलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"चुकलं माझं, ताई," त्या म्हणाल्या.

अपेक्षा फोनजवळ सरकली आणि तिने खूप काही विचारलं. तिथे लॅबमध्ये काम करायला कोणती परीक्षा लागते, तो व्हिसा बदलतो का, किती वर्षं लागतात. आकांक्षाने जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते नाही म्हणाली.

"मामी, लिहा," शेवटी अपेक्षा म्हणाली. "पण राजीनामा नको. बिनपगारी रजेचा अर्ज लिहा. एक वर्षाचा. तिकडे जाऊन पाहते, मग ठरवते. आणि मुलाशी आजच बोलते."

"अन् पोराकडचे काय म्हणतीन?" आनंदाबाईंनी विचारलं.

"म्हणू दे. आत्ताच कळलेलं बरं."

मोहिनीबाईंनी अर्ज लिहिला. 'विनंती' शब्दावर खाडाखोड झाली, तरी अपेक्षाने दुसरा कागद दिला नाही. आनंदाबाई निघताना दारात थांबल्या. "शेंगा सोलून ठेवजा," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या चिडल्या होत्या की नाही, ते आवाजावरून कळलं नाही.

फोन डब्याला टेकलेला तसाच सुरू होता. आकांक्षा बाळाचे छोटे छोटे सदरे घड्या करत होती.

"आत्या गेल्या का?"

"गेल्या."

"मग आता माझ्याशी बोल."

मोहिनीबाईंनी फोन उचलून जवळ घेतला. चार वर्षांत दर रविवारी त्या मुलीशी बोलल्या होत्या, आणि सुरुवात कुठून करायची, हे त्यांना सुचेना. अंगावरची शाल त्यांनी नीट ओढून घेतली, आणि मग एकदम विचारलं,

"तिथं खाली थंडी वाजते का गं तुला?"

आकांक्षाचे हात थांबले.

"वाजते," ती म्हणाली.