मधल्या सुट्टीचा टोल

मधल्या सुट्टीआधीचा तास माझा असायचा आणि तो कधीच पुरा भरायचा नाही. गणित शिकवणं म्हणजे काही गप्पा नव्हेत, की आलो तिथे थांबलो. शेवटची पायरी फळ्यावर उतरतेय न उतरतेय तोच बाहेर टोल पडायचा, पोरं डब्यांवर झडप घालायची आणि माझं डोकं फिरायचं. शाळा भरण्याचा, सुटण्याचा टोल इतका चोख, की त्यावर घड्याळ लावून घ्यावं. हा एकच काय तो लवकर.

टोल द्यायच्या त्या आमच्या शिपाईबाई, सगळ्यांच्या मावशी. व्हरांड्याच्या टोकाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर लोखंडी दांडीने त्या ठोके द्यायच्या. काटकुळ्या, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. मधल्या सुट्टीचा टोल दिला की दांडी खुंटीला आणि मावशी मागच्या फाटकातून पसार. मागच्या गल्लीतच त्यांचं घर, घरात नवरा अंथरुणाला खिळलेला. एक अंग लुळं पडलेलं, एकेक घास गिळायला वेळ लागायचा. सुट्टी संपायच्या आत त्यांना भरवून परतायचं तर चार मिनिटं कुठून तरी आणायला हवीत. ती माझ्या तासातून यायची. हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं आणि कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मी कुरकुरायचो, तेही शिक्षकांच्या खोलीपुरतं.

नवरा छापखान्यात जुळारी होता. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्यातही शब्दकोशांची कामं फार. डोळे त्या कामातच गेले, शब्द मात्र राहिले. सकाळभर पडल्या पडल्या ते एखादा शब्द धरून बसायचे आणि मावशी भरवायला आल्या की घासाघासाला त्याची कुळकथा सांगायचे. परत येऊन चहा ठेवता ठेवता मावशी ती आम्हाला ऐकवायच्या. शब्द बहुतेक वेळेचेच असायचे. पडून असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तास म्हणजे आधी वेळ नव्हेच, ठोके द्यायची धातूची थाळी, हे मला मावशींकडून कळलं. म्हणजे तास माझाच, सरांचा नाही, असं त्या म्हणाल्या आणि सगळी खोली माझ्यावर हसली. घटका म्हणजे भोक पाडून पाण्यावर सोडलेली वाटी. ती भरली की बुडायची, म्हणून माणसाचीही घटका भरते. प्रहर बदलला की राखणदार बदलायचा, त्यातून पहारा आला. पहारा सांगितला त्या दिवशी मावशींचा चहा उतू गेला. तुझा पहारा बदलायला कुणीच नाही, असं नवरा म्हणाला होता.

मग नव्या मोठ्या बाई आल्या. मनाने वाईट नव्हत्या, पण शिस्त म्हणजे शिस्त. त्यांनी मनगटावरचं घड्याळ आणि टोल ताडून पाहिला आणि मावशी कामचुकार ठरल्या. वर्गावर्गात विजेची घंटा बसली, रूळ मुका झाला. माझा तास पुरा भरू लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मावशी सुट्टीत तशाच धावत जायच्या, पण चहाबरोबर शब्द येईना. विचारलं तर म्हणाल्या, ते बोलतच नाहीत, दोन घासांवर तोंड फिरवतात. विजेची घंटा गल्लीपर्यंत ऐकू जात नव्हती. मावशी सकाळी घराबाहेर पडल्या की नवऱ्याला पुढचा सगळा वेळ एकसारखाच; बायको केव्हा येणार, काही कळायला मार्ग नाही. असंच चाललं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी बोलणारं घड्याळ विकत घेऊन त्यांच्या घरी गेलो. खोली लहान, खाट खिडकीला लागून, खिडकीबाहेर शाळेची भिंत. त्यांनी चांगल्या हाताने बटण चाचपलं, दाबलं, पुन्हा दाबलं. घड्याळाने दोन्ही वेळा न कंटाळता वेळ सांगितली. माझे आभार मानून त्यांनी ते उशीशी ठेवलं.

"सर, वाजले किती ते हे सांगतं," ते म्हणाले. "टोल मला सांगायचा की ही निघाली."

दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो, कारण तिथे मावशींची बोबडी वळायची. पण बोलल्या त्याच. मी टोल लवकर द्यायचे, हे त्यांनी आधी स्वतःहून सांगून टाकलं.

"बाई, आमचे हे सांगतात, वेळ म्हणजे मुळात समुद्राचा काठ. पाणी येऊन थांबतं ती जागा. आता त्यांना काठच दिसत नाही हो. घंटा राहू द्या, मला नुसता टोल देऊ द्या. अगदी बरोबर वेळेवर देईन."

मोठ्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं.

"टोल तुम्हीच द्या," त्या म्हणाल्या. "आणि मधल्या सुट्टीच्या सुमाराला मी कामात असते. घड्याळ बघायला मला सवड नसते."

घंटा परीक्षांपुरती उरली. टोल परत आला, पहिल्यासारखाच लवकर, आणि त्यामागून शब्द आले. निमिष म्हणजे पापणीची उघडझाप, हा पहिला. ते जेवू लागले. मीही शहाणा झालो, पोरं पुस्तकं मिटायच्या आत शेवटची पायरी उरकायला शिकलो. असं वर्ष सरलं.

मग एका पहाटे ते झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्याशी माझी भेट एकदाच झाली होती, पण रोजचा चहा मी त्यांच्याबरोबरच घेत होतो.

काही दिवसांनी, घरी करमत नाही म्हणून, मावशी कामावर आल्या. माझा तास चालू होता. नेहमीच्या अंदाजाने पोरांनी पुस्तकं मिटली, मीही खडू ठेवला. टोल पडला नाही. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मी बाहेर डोकावलो. मावशी दांडी हातात धरून रुळापाशी उभ्या होत्या, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मी जवळ गेलो आणि म्हणालो, "द्या मावशी टोल."

"अजून वेळ झाली नाही, सर."

काटा जागेवर येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.