पोपटीवर दिलेला शब्द

आमची शाळा सातवीपर्यंत. कासू स्टेशनवर उतरून शेतांच्या बांधावरून आत चालत यावं लागतं. सातवी झाली की पोरं हायस्कूल शोधतात, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं उलटं आहे. हायस्कुलंच पोरांना शोधत येतात, आणि तीही नेमकी वालाच्या शेंगा भरल्या की.

कारण साधं आहे. आठवीचा पट घसरला की हायस्कुलातला एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची रवानगी कुठल्या कुठे होते. म्हणून एरवी पेणच्या बाजारात मला बघून मान वळवणारे सर थंडीत आमच्या गावात मोटरसायकली घालतात आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करतात. पोट त्यांनाही आहे, मान्य. पण यायचं पोटासाठी आणि आव आणायचा समाजकार्याचा, याची मला चीड येते.

त्या वर्षी सातवीत मुली दोनच होत्या. एक उंच, एक बुटकी. पहिलीपासून एका बाकावर. बुटकी गणितात अशी तयार की फळ्यावर माझं काही चुकलं तर जागेवरूनच सांगायची, आणि मी चिडले तर चिडू द्यायची.

पेणचे सर आधी आले. उंच पोरीच्या बापाने शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मधे मसाला चोळलेली कोंबडी, मडकं उपडं घालून वरून पेंढ्याचा जाळ. सर मांडी घालून बसले, शेंगा सोलल्या, "पोर आमच्याकडं द्या" म्हणाले. बापाने शब्द दिला. पुढच्याच आठवड्यात रोह्याचे सर बुटकीच्या बापाच्या शेतात. तीच पोपटी, तीच मांडी, तोच शब्द. आमच्याकडे पोरीच्या सोयरिकीला दहा जण विचार करतात. तिच्या शाळेला मात्र एक मडकं पुरतं.

दरम्यान आम्हा प्राथमिकवाल्यांना तालुक्याला प्रशिक्षण झालं. विषय होता, मुलांचं माध्यमिक शाळेत आनंददायी संक्रमण. आम्हाला गटात बसवून रंगीत खडू दिले. माझ्या गटाने कोशातून बाहेर पडणारं फुलपाखरू काढलं. शेजारच्या गटानेही फुलपाखरूच काढलं. तज्ज्ञ म्हणाले, मुलांच्या मनातली भीती ओळखा. मी विचारलं, गाडीच्या वेळा ओळखायच्या की नाही? हॉल हसला. तज्ज्ञही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. चहा मात्र चांगला होता.

मग निरोप समारंभ. दोन्ही सर एकाच मंचावर, एकमेकांकडे न बघता. दोघांच्याही भाषणात पंख होते आणि आकाश होतं. कार्यक्रम संपल्यावर मी दोघांना गाठून म्हटलं, "या दोन मुली एकाच शाळेत जाऊ द्या. एकटी पोर घरचे धाडणार नाहीत."

"अगदी बरोबर बोललात," पेणचे सर म्हणाले. "दोघींना आमच्याकडे पाठवा."

रोह्याचे सरही तेच म्हणाले. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

जून उजाडला, हायस्कुलं सुरू झाली आणि दोन्ही पोरी घरी. एक आमच्या गोठ्याकडच्या नळावर हंडा घासताना दिसली, दुसरी लावणीच्या रोपांत. मला जे दिसत होतं ते त्या दोन मास्तरांना दिसायचं कारणच नव्हतं, कारण त्यांच्या यादीत दोघींची नावं चढली होती. आमच्या बाजूला पोरीला सोबत लागते. सोबत नसेल तर शाळा नाही, आणि एक वर्ष घरी बसलेली पोर पुन्हा शाळेत जात नाही. हे मी पाहिलेलं आहे, कुणाच्या स्लाइडवर वाचलेलं नाही.

मी बुटकीच्या घरी गेले. बाप ओटीवर बसला होता. आई उंबऱ्याशी भिजवून मोड आणलेले वाल सोलत होती. पोर दाराआड होती, तिचे पाय तेवढे दिसत होते.

"बाई, शब्द दिलाय मी," बाप म्हणाला. "सर माझ्या शेतात पोपटी खाऊन गेलेत. आता फिरलो तं तोंड कसं दाखवू?"

"खायला ते आले. रोज सकाळी तिला न्यायला येणार आहेत का?"

"स्टेशनपर्यंत तं दोघी एकत्रच जातील."

"आणि पुढे? एकीची गाडी पेणला, एकीची रोह्याला. उंच पोरीची गाडी आधी गेली की ही एकटी फलाटावर. संध्याकाळी परत तेच."

"मंग नाय जायची," तो म्हणाला. "पन दिला शब्द मोडायचा नाय."

दाराआडचे पाय हलले नाहीत. मला त्या माणसाचा इतका राग आला की समोरचं पाणीही मी घेतलं नाही. पोरीचं शिक्षण बुडालं तरी चालेल, पण ज्या माणसाने कोंबडी खाऊन हात धुतले त्याच्यापुढे आपली मान खाली जायला नको. वर याला इमान म्हणायचं.

मी उठले. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"शब्द तुम्ही दिला," आई म्हणाली. वाल सोलणं थांबलं नव्हतं. "शेंगा मी तोडल्या. कोंबडी मी साफ केली. पाला मी आणला. मला कुठं बोलावलंत पोपटीला? मडकं तेवढं आलं माझ्याकडं, घासायला. मी काय शब्द दिला नाय."

"सरांना काय सांगू मंग?"

"सांगा, बायकोनं खाल्ली नव्हती."

तिने टरफलं पदरातून झाडली आणि दाराकडे बघून म्हणाली, "उद्या जा गो तिच्यासंगती पेणला. दाखला न्यायला मी येते बाईंकडं."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. मुख्याध्यापिका म्हणून दाखल्यावर मी सही केली आणि शिक्का मारून तो तिच्या हातात दिला.

आठवड्याने रोह्याच्या सरांचा फोन. "बाई, तुम्ही आमचा एक विद्यार्थी फोडलात."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

दोघी आता नववीत आहेत. यंदा वाल भरले तसे रोह्याचे सर पुन्हा गावात आले. मला वाटलं होतं बुटकीच्या बापाला तोंड लपवावं लागेल, पण त्यानेच त्यांना शेतात नेलं. मीही गेले होते. जाळाभोवती बायका आधीच बसलेल्या होत्या, बुटकीची आई मडक्याच्या अगदी जवळ. मडकं उघडलं तेव्हा पहिली शेंग तिने घेतली. सर घसा खाकरून यंदाच्या सातवीतल्या एका पोरीबद्दल बोलू लागले.

"सर, गाडीला सोबत कोन हाय तिच्या?" तिने शेंग सोलत विचारलं.

सरांनी आणखी एक शेंग उचलली. पोटभर खाऊन ते निघाले. त्यांना कुणी थांबवलं नाही, आणि शब्दही कुणी दिला नाही.