चार जीबीचं कार्ड आणि मुक्ताच्या लग्नाचे फोटो

दिंद्रुडच्या आमच्या फोटो स्टुडिओत त्या सोमवारी सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं... डिजिटल कॅमेरे गावात नवेनवे आले होते तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी गावातल्या मुक्ताच्या लग्नाचे सगळे फोटो मी एकटीने काढले होते, चार जीबीच्या कोऱ्या कार्डावर.

कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घातलं, तर पडद्यावर एकच प्रश्न... फॉरमॅट करायचं का?

मुक्ताचा एकुलता एक भाऊ फौजेत. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून फोटोंची सीडी त्याला पाठवायची होती. आणि लग्न काय पुन्हा लावता येतं थोडंच!

स्टुडिओ माझ्या धाकट्या दिरांचा. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, कार्डच डुप्लिकेट हाय. यस दाबा, मंग उघडतंय."

मी माउस त्यांच्यापासून लांब सरकवला. माजलगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी एकदा सरांची भरलेली फ्लॉपी फॉरमॅट करून कोरी केली होती, त्यामुळे या शब्दाशी माझी जुनी ओळख. मग भाऊजींनी कार्ड स्पिरिटने पुसलं... टेपरेकॉर्डरचं हेड पुसायची सवय! उपयोग शून्य.

मी जुनी एक आणि दोन जीबीची कार्डं घालून बघितली. दोन्ही उघडली. चार जीबीचं परत कॅमेऱ्यात घातलं, तर फोटो जागच्या जागी! म्हणजे कार्डाचा दोष नाही... आमच्या सेकंडहँड लॅपटॉपची खाचच जुनी, दोन जीबीच्या पुढचं कार्ड तिला ओळखताच येत नव्हतं.

मग खाच सोडून कॅमेराच वायरने जोडायचा. पण वायर कॅमेऱ्याच्या खोक्यात, आणि खोकं देवघरात! खंडेनवमीला पूजा झाल्यापासून भाऊजींनी ते कुणाला उघडू दिलं नव्हतं. मी देवाला हात जोडले आणि उघडलं. वायरची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

जोडली... आणि फोटो धडाधड उतरायला लागले. मी दुकानातच टाळ्या पिटल्या. "लई डोकं चालवलं, वहिनी," भाऊजी म्हणाले. हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

सीडी गेली. महिन्याभराने मुक्ताच्या भावाचा दुकानात फोन. "ताई, सगळं बघितलं. पण कानपिळीला चुलतभावानं दाजींचा कान लईच हळू धरलाय. सुट्टीला आलो की मीच पिळतो, तुमी कॅमेरा घेऊन या."

नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, तो कसा सोडेल? दिवाळीत तो आला, मीही गेले. दाजी हात जोडेपर्यंत त्याने कान सोडला नाही... बहीण हसत होती आणि फौजी रडत होता. त्या सोमवारी यस दाबलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.