कुणालाही घेणारी शाळा

मॉरीनचं नाव आधी घेते, मग बाकीचं. शुभकार्याला आपण आधी गणपतीचं घेतो ना, तसंच समजा! मॉरीन म्हटलं की पहिल्यांदा येतो तो वास. गरम, पिवळ्याधमक, व्हॅनिलाच्या गोडव्यानं ओथंबलेल्या कस्टर्डचा. आणि मग त्या वाफेच्या पडद्याआडून तिचा लालबुंद, घामेजलेला, हसरा चेहरा उगवतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य, आणि मी तिच्या हाताखालची नवखी. ह्यांची नोकरी बिझनेस पार्कमध्ये, कॉम्प्युटरची. माझी मोठमोठ्या पातेल्यांची. आईच्या आजारपणात नववीत माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. शाळेत पुन्हा पाऊल पडलं ते असं सातासमुद्रापार, आणि तेही मागच्या दारानं!

ती शाळा तरी किती विलक्षण! एकाच आवारात दोन इमारती. एक लाल विटांची, उंच खिडक्यांची, दारावर कोरीव ढाल मिरवणारी. दुसरी काचेची आणि काँक्रीटची, सपाट छपराची, पावसात हमखास गळणारी. या इमारती म्हणजे पूर्वी दोन वेगळ्या शाळा होत्या, हे मॉरीननं मला बटाटे सोलता सोलता सांगितलं. अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा व्हायची. पास झाले ते लाल विटांत, नापास झाले ते काचेत. मध्ये जाळीचं कुंपण.

"मी काचेतली बरं का, लव्ह," ती म्हणाली; तिच्या तोंडी लाडानं सगळेच 'लव्ह'. "आणि माझी धाकटी बहीण विटांतली. सकाळी एकाच दारातून निघायचो, पण कुंपणापाशी आलो की बाईसाहेब मला ओळखायच्या नाहीत!"

पुढे काळ पालटला. कुंपण गेलं, दोन्ही इमारतींना जोडणारा एक लांब कॉरिडॉर बांधला गेला आणि शाळा एक झाली. परीक्षेवाचून, जो येईल त्याची, म्हणूनच कॉम्प्रिहेन्सिव्ह. अकरा वर्षांच्या कोवळ्या जिवाला कायमचा शिक्का मारायचा नाही, एवढाच त्या कॉरिडॉरचा अर्थ. पण केवढा उदात्त अर्थ!

मला तो अर्थ दररोज जेवणाच्या रांगेत दिसायचा. सर्जनची लेक आणि छपरं शाकारणाऱ्याचा मुलगा एकामागे एक उभे, दोघांचे टाय सारखेच आखूड आणि सारखेच तिरके. नेपाळी फौजीची पोरगी, मागच्याच महिन्यात आलेला पोलिश मुलगा, सगळ्यांच्या ताटल्यांत एकच कस्टर्ड. मनात यायचं, पंगत पंगत म्हणतात ती याहून निराळी ती काय? तळलेल्या बटाट्याच्या चिप्स आठवड्यातून एकदाच द्यायच्या असं ठरलं, तेव्हा हीच पंगत एकदिलानं खवळली होती! मी गाजराचे तुकडे वाढले की पोरं म्हणायची, "मिस, हे सशाला द्या ना." तिथं सारंच गोकुळ होतं असं नव्हे, गणिताला हुशारांचा गट वेगळा असतोच, चाळणी कुठं सुटते? पण दाराशी चाळणी नव्हती.

आमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीण वहिनींना मात्र ते पटायचं नाही. "अगं, ती शाळा? तिथं कुणालाही घेतात!" त्या नाक मुरडून म्हणायच्या. त्यांच्या तोंडचं ते दूषण माझ्या मनात अत्तराच्या फायासारखं दरवळत राहिलं. कुणालाही! मग मलाही?

कारण त्याच शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग भरत. इंग्रजीचा वर्ग होता, शेवटी शाळेतली मुलं देतात तीच खरीखुरी परीक्षा. मी मॉरीनला कसंबसं सांगितलं आणि लगेच म्हणाले, "पण नको, माझं वय झालं." तिनं डाव खाली ठेवला. "वय माझं झालंय, तुझं नाही. चल, मी येते सोबत."

वर्ग होता लाल विटांच्या इमारतीत. दारापाशी आले आणि मनात प्रश्नांचा गोंधळ उडाला. आत गेल्यावर विचारलं, तुम्ही किती शिकलात, तर? परत पाठवलं, तर? त्या गोंधळात माझ्या पायांनी आपलं जुनंच वळण धरलं. आमच्या गावच्या शाळेत चपला बाहेर ओळीनं काढून वर्गात जायचं. मी बूट काढले, भिंतीशी नीट जुळवून ठेवले, आणि मग भानावर आले. मेले! आता हसतील!

मॉरीननं माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमच्याकडे असं करतात?"

मी मान हलवली. ती वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. "माझे पाय दुपारपासून हेच मागत होते," ती म्हणाली. तिच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. आम्हा दोघींना अनवाणी येताना पाहून तरुण शिक्षकानं काळजीनं विचारलं, "अरे, फरशी आत्ताच पुसलीय का?" आणि तो स्वतःच चवड्यांवर चालू लागला! सगळा वर्ग हसला. मीही हसले. किती शिकलात, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं ते नाव.

मॉरीन माझ्या शेजारच्या बाकावर दाटीवाटीनं बसली. बऱ्याच वेळानं तिनं कुजबुजत सांगितलं, "इथं समारंभाला चहाचे ट्रे आणलेत मी कितीदा तरी. बसले मात्र आज पहिल्यांदा."

पुढच्या आठवड्यापासून मी एकटी जाऊ लागले. ऑगस्टात निकाल लागला तेव्हा सोळा-सतरा वर्षांची पोरं गळ्यात गळे घालून किंचाळत होती आणि त्यांच्या घोळक्यात मी, कार्डिगनमध्ये. पास! त्या पोरांहून मोठ्यानं किंचाळली ती मॉरीन. मग मीच तिला म्हटलं, "आता पुढच्या वर्षी तू." ती हसली, पण डोळे पुसत. "मी काचेतली, लव्ह. माझं राहू दे."

नाही, मॉरीन, राहू देणार नाही. ज्या शाळेनं कुणालाही घ्यायचं ठरवलं, तिला तुझ्यावाचून पूर्णत्व कसं येईल? तू माझ्या सोबतीला आलीस. एक दिवस मी तुझ्या सोबतीला येईन. लाल विटांच्या त्या वर्गात शिक्षक तुझं नाव विचारतील, तू ते सांगशील, आणि तुझा आवाज स्थिर होईपर्यंत मी शेजारच्या बाकावरून उठणार नाही.