गार्डनरकाकांच्या वडिलांचं नाव

गार्डनरकाकांबद्दल जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. त्यांचं गुपित सरकारला मी सांगितलं. सुधाला, माझ्या बायकोला, हे माहीत नाही. हे छापून आलं तर इतरांबरोबर तिलाही कळेल. सात वर्षं मी हे मनात ठेवून नोकरी केली, गणपती बसवले, लोकांना जेवायला बोलावलं. आता लिहितो.

गार्डनरकाका आमचे कॅलिफोर्नियातल्या बरबँकमधले शेजारी. आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळे. पहिल्या भेटीत बराच वेळ ते मला दिसलेच नाहीत. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, दिवाळी होती आणि सुधाने मला डबा देऊन वर पाठवलं होतं. दुपारचे चार वाजलेले. मी बेल दाबली आणि दाराखालच्या फटीतला उजेड गेला. त्यांनी आतला दिवा बंद केला होता. खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातली एक पट्टी बोटभर उचलली गेली.

"दोन पावलं मागे. उन्हात," आतून आवाज आला.

मी मागे सरकलो.

"तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलात. का?"

"डबा दुसऱ्या हातात घेतला."

"काय आहे त्यात?"

"शंकरपाळे. आमचा सण आहे."

"एक खाऊन दाखवा."

मी डबा उघडून एक खाल्ला. दार साखळीपुरतं उघडलं, मग पूर्ण. "या," ते म्हणाले, "वाईट बातमी आणणारा माणूस इतक्या चवीने खात नाही."

त्यांच्या घराची एवढीच रीत होती. बेल वाजली की दिवा बंद, मग पट्टी वर, मग प्रश्न. बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन रणरणत असायचं आणि आत त्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर पडलेल्या असायच्या, तुरुंगाच्या गजांसारख्या. खुर्ची कोपऱ्यात, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. खालच्या टपालपेटीवर सगळ्यांची नावं होती, त्यांच्या पेटीवर फक्त खोलीचा नंबर.

ते सिनेमात प्रकाशयोजना करत. चाळीसच्या दशकात गुन्हेगारीचे, काळ्या-पांढऱ्या सावल्यांचे जे सिनेमे निघाले, ज्यांना आता लोक फिल्म नॉयर म्हणतात, त्यांतल्या कितीतरींचे दिवे त्यांनी लावले होते. पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच आलं. विद्यापीठातली मुलं त्या सुमारास मुलाखतीसाठी फोन करत, तर ते आवाज बदलून सांगत, "तो म्हातारा वारला."

मी इंजिनियर माणूस, मला दिव्यांत रस. मी विचारत राहायचो. त्यांचं इंग्रजी जर्मन वळणाचं होतं, मी इथे मराठीत उतरवतो आहे.

"आधी सगळं अंधारात घाल," ते म्हणायचे. "मग स्वतःला विचार, काय दिसलं नाही तर चालणारच नाही? तेवढंच दाखव. एकच दिवा, आणि तोही चेहऱ्यावर नाही."

एकदा मी म्हणालो, "गुन्हेगारांचं जग तुम्ही फार जवळून पाहिलेलं दिसतंय."

"मी एकही गुन्हेगार पाहिलेला नाही. आमच्या खात्यात सहा जण होतो. कुणी व्हिएन्नाचा, कुणी बर्लिनचा, कुणी प्रागचा. सगळे ज्यू. डायरेक्टर सांगायचा, जिन्यावर बाई उभी आहे, खालून खुनी येतोय, दिवा लाव. आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. जिन्यावर कुणाची पावलं आली की खोली कशी दिसते, हे आम्हा सहा जणांना माहीत होतं. अमेरिकन लोकांनी तिकीट काढून आमची भीती पाहिली. त्यांना वाटलं, गोष्ट खुनाची आहे."

सहाही जणांची आडनावं नवी होती. स्टुडिओत नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी एक कारकून यादी घेऊन यायचा. लांब, परकं, ज्यू वाटणारं नाव असेल तर ते कापायचं. काकांच्या कागदावर गार्टनर होतं, म्हणजे माळी. त्याचं इंग्रजी करून गार्डनर केलं. त्यांचे मित्र मॅक्स यांचं आडनाव तर अर्ध्याहून जास्त गेलं. मॅक्स त्या सहांतले उरलेले दुसरे. ते दर गुरुवारी बुद्धिबळ खेळायला यायचे आणि घंटी न वाजवता दारावर दोन बोटांनी टकटक करायचे. त्या टकटकीला तेवढा दिवा विझत नसे.

सुधाने त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हटलं.

"काका म्हणजे काय?"

"वडिलांचे भाऊ."

"म्हणजे मी जोगळेकर झालो," ते हाताची बोटं मोजत म्हणाले. "हे माझं चौथं आडनाव."

मी मोजलं तर तीनच होत होती. म्हाताऱ्याचा हिशेब चुकला असेल, म्हणून सोडून दिलं.

मग आमच्या नागरिकत्वाचा अर्ज आला. एक्याऐंशी साल. ऑफिसात सगळे मला विन म्हणत, आणि अर्जात नाव बदलून घेण्याची सोय होती. सुधा म्हणाली, "अहो, नुसतं जोग करून टाका ना. फोनवर स्पेलिंग सांगता सांगता माझा घसा बसतो." मी काकांना विचारलं.

"मी बदललं तेव्हा मागे माणसं लागली होती," ते म्हणाले. "तुझ्या मागे कोण लागलंय?"

मी नाव तसंच ठेवलं. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला. "विनायक दत्तात्रय जोगळेकर. हा मधला कोण?"

"वडील. आमच्याकडे वडिलांचं नाव घातल्याशिवाय नाव पुरं होत नाही."

त्यांनी त्या मधल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या प्रार्थनामंदिरातही असंच. आडनाव कुणी विचारत नाही. अमक्याचा मुलगा तमका, अशी हाक मारतात. माणूस मेल्यावर त्याच नावाने प्रार्थना म्हणतात."

"मग तुमच्या वडिलांचं नाव काय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मेन्डल," ते म्हणाले. इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं. "हे इथे कुणाला माहीत नाही. मॅक्सलाही नाही."

त्या काळी नागरिकत्वाच्या अर्जाला दोन अमेरिकन नागरिकांची साक्ष लागे. त्यांनी कचेरीत येऊन शपथेवर सांगायचं, की हा माणूस आम्हाला माहीत आहे आणि भला आहे. एक साक्षीदार माझे ऑफिसातले साहेब होते. दुसरे म्हणून मी काकांना विचारलं. दोन दिवस ते खाली आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाले, "सरकारी इमारतीत मी चाळीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. तुझ्यासाठी येतो. काकाने यायला हवं."

मी फॉर्म टाइप करायला बसलो. 'साक्षीदाराचं पूर्ण नाव' असा रकाना होता. शाळेपासून मी जेवढे फॉर्म भरले त्यात पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. मी टाइप केलं, लिओ मेन्डल गार्डनर. हात आपोआप गेला, आणि गेल्यावर मला बरंही वाटलं. म्हटलं, कुठेतरी कागदावर म्हाताऱ्याच्या वडिलांचं नाव लागेल, त्यांना आवडेल. त्यांना न दाखवता मी फॉर्म पोस्टात टाकला.

मुलाखतीच्या सकाळी कचेरीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. साहेब कॉफी आणायला गेले होते. काकांनी सहज माझ्या हातातली फॉर्मची प्रत घेतली. वाचता वाचता त्यांचा अंगठा एका ओळीवर थांबला. त्यांनी कागद मांडीवर दाबून धरला.

"हे तू लिहिलंस?"

"वडिलांचं नाव. आमच्याकडे..."

"ऐक. वेळ नाही. मी लिओ नाही. लिओपोल्ड गार्टनर माझा मित्र होता. अमेरिकेचा व्हिसा त्याला मिळाला होता, मला नाही. बोटीच्या दोन आठवडे आधी तो न्यूमोनियाने गेला. त्याच्या आईने त्याचे कागद माझ्या हातात दिले. स्टेशनवर ती लोकांदेखत मला लिओ म्हणून मिठी मारून रडली. ती तिथेच राहिली. पुढे सगळीच राहिली. इथे सरकारदरबारी माझ्या वडिलांचं नाव फ्रान्झ आहे. लिओच्या वडिलांचं. मी नागरिक झालो तो फ्रान्झचा मुलगा म्हणून. कळतंय तुला?"

मला कळलं. हाताच्या बोटांवर मोजलेलं चौथं आडनावही कळलं.

"खोट्या कागदावर मिळालेलं नागरिकत्व काढून घेतात," ते म्हणाले. "मग बाहेर पाठवतात. मला कुठे पाठवतील? माझ्या गावात मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. आत विचारलं तर एवढंच सांग, देशातली सवय, मधे काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. एक वाक्य. सांगशील?"

"सांगेन, काका."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला एकट्याला आधी बोलावलं. अधिकारी सौम्य माणूस होता, खोकल्याची गोळी चघळत होता. त्याने मला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. त्याच्यासमोर काकांच्या जुन्या कागदांचं बाड होतं. माझे प्रश्न संपल्यावर त्याने सहज विचारलं, "तुमच्या साक्षीदाराचं हे मधलं नाव आमच्याकडे कुठेच नाही. कुठून आलं?"

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. पण माझा हात नुकताच खाली आला होता. मनात आलं, शपथेवर खोटं बोललो आणि उघडकीला आलं तर माझा अर्ज गेला, धाकट्या भावाला इथे आणायचं राहिलं, कदाचित नोकरीही गेली. मी म्हणालो, "ते त्यांच्या खऱ्या वडिलांचं नाव आहे."

"खऱ्या?" त्याने गोळी गालात सरकवली.

इथे मला थांबता आलं असतं. तोंडून शब्द निसटला, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण ते खरं नाही. त्याने मला दरडावलं नाही, धमकावलं नाही. तो नुसता वाट पाहत बसला, आणि मी आणखी तीन वाक्यं बोललो. मित्राचे कागद. मित्र वारलेला. आईने दिले. त्याने ती तीन वाक्यं लिहून घेतली आणि माझे आभार मानले.

नंतर काकांना आत बोलावलं. त्यांना त्याबद्दल काही विचारलं नाही. पाच मिनिटांत ते बाहेर आले, चेहऱ्यावर रंग परतलेला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "माझ्याबद्दल विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"देशातली सवय म्हणून सांगितलं."

"शाबास," ते म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली. तोवर गाडीत काच उघडून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी ऑगस्टमध्ये अमेरिकन नागरिक झालो. ऑक्टोबरमध्ये त्यांना सरकारी पाकीट आलं. ते बंद पाकीट घेऊन खाली आले, टेबलावरच्या दिव्यासमोर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तू वाच." मी वाचलं. नागरिकत्वाच्या कागदपत्रांबाबत शंका आहे, अमुक तारखेला हजर व्हावं. सुधा आत चहा करत होती.

"कुणी सांगितलं असेल?" ते म्हणाले. "कागदांची गोष्ट दोघांनाच माहीत. एक तू. तू तर मला गाडीतच सांगितलंस." त्यांनी एक बोट दुमडलं. "म्हणजे मॅक्स."

मी पत्राची घडी घातली.

"मॅक्सला हल्ली विसरायला होतं, बडबडतो," ते म्हणाले. "ती मुलाखतीवाली मुलं त्याच्याकडे जातात. त्याने सांगितलं असणार."

सुधाने चहा आणला. आम्ही प्यायलो.

त्या गुरुवारी वर दोन बोटांची टकटक झाली. मला खालपर्यंत ऐकू आली. मी बाहेर येऊन पाहिलं तर काकांच्या खिडकीतला दिवा विझला होता. मॅक्स बराच वेळ उभे होते. हातात बुद्धिबळाची पेटी. "लिओ, मी आहे," म्हणत होते. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. मला पाहून म्हणाले, "बरा आहे ना तो?" मी म्हणालो, "झोपले असतील." पुढचे दोन गुरुवारही ते आले.

हजर व्हायच्या तारखेला सहा दिवस राहिले असताना काका गेले. हृदयविकार. सकाळी दारातल्या दुधाच्या बाटल्या तशाच दिसल्या म्हणून मीच इमारतीच्या मॅनेजरला बोलावून दार उघडलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. दिवा बंद होता.

दफनाला आम्ही सात जण होतो. मॅक्स लांब एका झाडापाशी उभे राहिले होते, आपल्याला जवळ येण्याची परवानगी आहे की नाही, अशा संकोचाने. प्रार्थना म्हणणारे गृहस्थ त्यांच्याशी काही बोलले, मग मॅक्स माझ्याकडे आले.

"जोगळेकर, त्यांना प्रार्थनेसाठी त्याच्या वडिलांचं नाव हवंय. खरं. मला त्याने कधी सांगितलं नाही. तुझ्यावर त्याचा जीव होता. तुला माहीत आहे?"

नाव सांगितलं असतं तर मॅक्सना दुसरा प्रश्न सुचला असता. नाव सांगण्याइतका विश्वास माझ्यावर होता, तर आणखी काय काय सांगितलं होतं, आणि ते पुढे कुठे गेलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मी काय केलं, तेही तुला माहीत नसेल," ते म्हणाले. "तो माझ्यावर का रागावला होता?"

"नाही."

प्रार्थनेत त्या गृहस्थांनी कुठलंसं सर्वांना चालणारं नाव घातलं. थडग्याच्या दगडावर लिओ गार्डनर आहे. खाली वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे.

मॅक्स अजून आहेत. जवळच्याच एका वृद्धाश्रमात असतात. मी वर्षातून दोनदा फळं घेऊन जातो. दर वेळी ते तोच प्रश्न विचारतात आणि दर वेळी मी तेच उत्तर देतो. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या माझ्याकडे राहिल्या आहेत. नाव मेन्डल होतं. आणि सांगितलं मी.