तेहतीस घमेली वाळू

उभ्या जन्मात समुद्र न पाहता लाटांशी वैर धरलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. सोलापुरात राहून लाटांशी वैर! पण आमच्या या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, तळं पुरेसं होतं. त्यांची सारी हयात रेल्वेच्या शेडात इंजिनांना वाळू पुरवण्यात गेली. ओल्या रुळांवर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनातून वाळू सोडतात. ती चाळायची, भट्टीवर वाळवायची आणि इंजिनात भरायची. "मेल काय कोळशावर पळती व्हय? माझ्या वाळूवर पळती," असं ते निवृत्तीनंतरही छाती काढून सांगत. फुटाणेवाल्याकडे जाऊन फुटाणे घेत नसत, कढईतली वाळू चिमटीत धरत आणि "लई बारीक हाय" असा शेरा मारून परत येत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं. यांनी माझी चप्पल उलटी करून तळाला चिकटलेली वाळू चोळून पाहिली आणि "सीनाकाठचा हाय, चालंल" म्हणून लग्न ठरवून टाकलं.

तळ्याच्या काठाला गंगाक्का परटिणीचं घर होतं. घरापुढचा वाळूचा उतार साऱ्या गावाचा. तिथं पोरं पोहायला उतरत, बाया धुणी आणत. दर पावसाळ्यात वादळी लाटा हा उतार थोडाथोडा गिळत, आणि चौऱ्याहत्तर साली पाणी गंगाक्काच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर आलं. तिच्या नवऱ्यानं मरण्याआधी स्वतःच्या हातानं बांधलेली दगडी भिंत लाटांनी खालून पोखरून आदल्याच वर्षी आडवी केली होती. आता एक मोठं वादळ आलं की घर तळ्यात, हे कुणालाही दिसत होतं. अण्णा म्हणाले, "दगड दिसला की लाट चिडती. वाळूवर चढली की दमती. हितं वाळू घालायची, गाड्याच्या गाड्या." गंगाक्का कडाडली, "अवो अण्णा, खूळ लागलं का तुमास्नी? धुतल्याली धोतरं वाळूनं भरली तर गिऱ्हाईकच मला तळ्यात घालंल की!"

अण्णांनी ऐकून घेतलं आणि अर्थातच ऐकलं नाही. त्यांच्या गाडीवाल्या दोस्तानं सीना नदीची जाडी वाळू आणून रस्त्याकडेला ढीग घातले. उतारावर गाडीची चाकं रुतत, तेव्हा पुढं डोक्यावरून न्यायला माणसं हवी होती. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला. अधिक महिना जावयांचा. सासुरवाडीला बोलावतात, पुरणाचं जेवण घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. मी परीटघडीचं धोतर नेसून, मनात अंगठीची आशा धरून अण्णांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं. "तेहतीस टाका, जावईबापू. आधी काठ, मग पाट." आत पुरण शिजल्याचा वास येत होता, म्हणून मी निमूट गेलो. आठवडाभरात अण्णांनी शुक्रवार पेठेतल्या घराघरांत शिरून सगळ्या सासवांना पटवलं की अधिकात वाळूच्या दानासारखं पुण्य नाही. मग काय, टोप्या सावरणारे, विजारी दुमडणारे, सासऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालणारे जावई रांगेनं घमेली वाहू लागले. एकानं चाळीस टाकली म्हणून त्याच्या साडूनं पन्नास टाकली. गंगाक्का दारात उभी राहून सगळ्यांचा उद्धार करत होती.

हस्त लागला आणि एका दुपारी आभाळ फाटलं. वारा असा सुटला की माणूस उभा राहीना. आम्ही गंगाक्काच्या पडवीत भिजत उभे होतो. प्रत्येक लाट पाठीमागं ओंजळीओंजळीनं वाळू ओढून नेत होती. मी ओरडलो, "अण्णा, आपली वाळू चालली!" त्यांचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा उजळला होता. "जाऊ दे की! जायलाच टाकलीया. ती संपंस्तवर लाट तिच्यातच गुतलीया, घराकडं बघंना." दिवे लागायच्या वेळी वारा पडला. निम्मी वाळू गेली होती. उंबऱ्यापासूनची दहा पावलं मात्र दहाच राहिली. गंगाक्कानं ती स्वतः चालून मोजली, दोनदा, आणि मग मटकन बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांचं धोतर कडक इस्त्री करून आणलं, ते नेसवूनच त्यांना वाळूच्या गाडीत बसवलं आणि हलगी लावून पेठेतून मिरवलं. पुढं आम्ही जावई, खांद्यावर घमेली घेऊन, जणू लढाई मारून आलेलो. कोणीतरी विचारलं, "अण्णा, आता मिटलं ना?" अण्णा गाडीतूनच म्हणाले, "एकदा भाकरी खाल्ली म्हणून जलमाची भूक जाती व्हय? पुढच्या साली परत!" आणि दर भाद्रपदात, अधिक असो वा नसो, ते आम्हांला बोलावत राहिले.

ते गेले त्या वर्षी बोलावणं आलं नाही. कुणीतरी करेल, असं प्रत्येक जावयाला वाटलं असावं. मला तरी वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते. भाद्रपद सरता सरता मला राहवेना म्हणून घमेलं घेऊन काठावर गेलो. वाकलेली गंगाक्का एकटीच धुण्याच्या पाटीतून वाळू टाकत होती. मला बघून म्हणाली, "उशीर केलासा की, जावईबापू. अण्णांनी पाटावर बसू दिलं नसतं."

मी मोजून तेहतीस टाकली. घरी कुणी पाट मांडून बसलेलं नव्हतं, तरी हातपाय धुऊन मी उगाच अण्णांच्या दारावरून गेलो.