बारशाशिवाय लढाई नाही

तयारी करण्यात तुमच्या धारच्या मामाआजोबांचा हात धरील असा माणूस अख्ख्या माळव्यात नाही, आणि तयारीनंतर जे प्रत्यक्ष करायचं असतं ते टाळण्यातही नाही. तुमचे ते मामाआजोबा. माझा तो पाठचा भाऊ, तेव्हा मी 'तो'च लिहिणार. शाळेत परीक्षेला बसला की अर्धा वेळ पेन्सिलींना टोकं काढण्यात घालवी. एकदा आम्ही सगळे मांडूला सहलीला गेलो. हा चादर, स्टोव्ह, दोरी, टॉर्च असं सामान पाठीवर बांधून स्टँडवर पोचला, तेव्हा आम्ही मांडू पाहून परतीच्या बसमधून उतरत होतो. "काही विसरलं तर नाही ना, ते बघत होतो, अक्का," तो म्हणाला. बस विसरला होता. पुढे सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. धरणं बांधायचं काम त्याच्याकडे नव्हतं हे आपलं नशीब, नाहीतर इथल्या गव्हाला अजून पाणी मिळालं नसतं.

अशा माणसाला तुम्ही तुमच्या त्या फाशांच्या खेळात घेतलंत. हे तुम्हांला वाचून दाखवणाऱ्या तुमच्या आईला खेळ ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ईशान गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक शूरवीर होऊन त्या गोष्टीत शिरतात, आणि तलवार लागली की हुकली हे फासे ठरवतात. दर रविवारी तुम्ही कॅनडात, हा धारला, मधे संगणकाचा पडदा. खेळ सुरू व्हायच्या आधी ज्याने त्याने आपापला वीर घडवायचा: फासे टाकून त्याचं बळ, बुद्धी कागदावर मांडायची, पूर्वकथा लिहायची, नाव द्यायचं. रेवाने हे सगळं दुधाचा पेला संपायच्या आत उरकलं. मामाआजोबांना दिवाळी ते होळी पुरली नाही.

आधी पेन्सिली. बळ लिहायला कडक, बुद्धी लिहायला मऊ, "कारण बुद्धी खोडावी लागते." दुकानात एकेक पेन्सिल उजेडात धरून पाहत उभा राहिला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाऊजी, पेन्सिल ले रहे हो के बहू देख रहे हो?" मग खोडरबर, मग चौकटींचा कागद, मग फासे. फासा मिठाच्या पाण्यात तरंगत ठेवायचा आणि टिचकी मारायची. दर वेळी तोच आकडा वर आला तर फासा लबाड. माझी भावजय शालिनी, तिच्या स्वयंपाकघरातली पातेली या न्यायनिवाड्यात गुंतली. "वन्सं, आज वरणात आठ बाजूंचा फासा निघाला," तिने फोनवर सांगितलं. फासे खणखणू नयेत म्हणून ताटाला मखमल चिकटवली, आणि इतकं करून जे फासे पडले ते म्हणे सरावाचे! वीराची शाडूची अंगठ्याएवढी मूर्ती केली. पगडी तिरपी झाली म्हणून मोडून पुन्हा केली. पूर्वकथेत वीराचं गोत्र, कुलदैवत, आजोबा बागलीच्या जहागिरीत कारकून, मामा कन्नौदचे. राक्षस मारायला निघालेल्या माणसाला मामा कशाला हवेत, मी विचारलं. "उद्या स्थळं आली तर सांगायला नको?" म्हणजे लग्नापर्यंतची तयारी होती, लढाईची तेवढी नव्हती.

आणि रविवार आला की इस्त्रीचा शर्ट घालून हा पडद्यासमोर बसे, तुम्हांला म्हणे, "अजून थोडंसं राहिलंय." शेवटी ईशान, तू सांगितलंस, "मामाआजोबा, या संडेला तुम्ही रेडी नसाल तर आम्ही तुमच्याशिवाय स्टार्ट करू." उत्तम केलंस. पण त्यानंतर मला देवासला त्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला.

"पोरं खरंच सुरू करतील गं, अक्का. मग मला कशाला बोलावतील? आता फक्त नाव राहिलंय. तू ये."

"नाव ठेवायला देवासहून धारला? इथूनच सांगते. धोंडू ठेव."

"फोनवर कधी बारसं होतं का? आत्याशिवाय नाव कोण ठेवील?"

शनिवारी इंदूरला बस बदलून, वाटभर धुमसत मी धारला पोचले. घरात हरभऱ्याच्या घुगऱ्या, शेजारच्या बायका, आणि कंपासपेटीच्या झाकणाचा पाळणा लाल दोऱ्यांनी टांगलेला. आत मूर्ती, तिच्यावर हातरुमाल. एका शेजारणीने मला हळूच विचारलं, "जीजी, बच्चा किसका है?"

"मिट्टी का," मी म्हटलं. "बाप उससे भी कच्चा है."

भावाने कागद पुढे केला: रणधुरंधर, शत्रुंजय, वज्रबाहू. "ही मी सुचवलीत. हक्क तुझा."

तेवढ्यात शालिनी आतून साडी घेऊन आली. बारशात आत्याला मान द्यायचा असतो, तेव्हा साडी येणार हे ठाऊकच होतं. पण उघडली तर जुनी महेश्वरी, घड्यांवर विरलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी.

"यांनीच आणली होती," शालिनी म्हणाली. "मला दिवस राहिले होते ना वन्सं, तेव्हा. मी म्हटलं होतं, इतक्यात आणू नका."

भावाने खोडरबर उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

मी आत जाऊन ती साडी नेसून आले. पाळण्यात वाकले. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले, रीतीपेक्षा जरा जोरातच. मूर्तीला त्याने अगदी बारीक टोकाने कान कोरला होता. त्या कानात मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते ऐकून तुम्ही हसलात. "धोंडू? हे काय हीरोचं नाव आहे?" रेवा म्हणाली. मामाआजोबा ताठ बसून म्हणाले, "आत्याने ठेवलंय." मी तेव्हा गप्प राहिले, आता सांगते. ज्या घरात मूल टिकत नाही तिथे असं ओबडधोबड नाव ठेवतात, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि पोर जगतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले आहे. आणि तुमचा हा खेळ मला आजही वेळेचा अपव्ययच वाटतो.

तरी रविवारचा तुमचा खेळ आटोपला की मी धारला फोन लावते. "आहे ना?" एवढंच विचारते. "आहे, आहे," भाऊ म्हणतो, आणि मी फोन ठेवते.

तेव्हा ईशान, फासा पडेल तसा पडेल, नियम मोडू नकोस. फक्त गुहेत शिरताना धोंडूला सगळ्यांच्या पुढे पाठवू नकोस. मधे कुठेतरी चालू दे. मला आजी म्हणणारे आहेत, काकू म्हणणारे आहेत, मामी म्हणणारे तर ढीगभर. मी आत्या आहे ती त्या एकट्याची.